शरीराची जुनी नोंद आणि नवी लस

गांवांत लशीचा विषय निघाला कीं दोन बोलणीं हटकून कानांवर येतात. एक, "आम्हांस तो रोग होऊन गेला आहे, आतां टोंचून काय मिळवावयाचें?" दुसरें, "टोंचून घेतलें तरी ताप आलाच. मग टोंचण्याचा उपयोग काय?" हीं दोन्ही बोलणीं अडाणीपणाचीं म्हणून टाकून देण्याजोगीं नाहींत. पहिल्यांत अर्धें सत्य आहे व दुसऱ्यांतहि अर्धें सत्य आहे. परंतु अर्ध्या सत्यावर केलेला जमिनीचा व्यवहार जसा पुढें कज्जा उभा करतो, तसेंच आरोग्याच्या बाबतींतहि होतें. म्हणून एकदां झालेल्या रोगाची आठवण शरीर कशी राखतें, आणि त्या आठवणीमुळें पुढील लशीचें काम कोठें सुकर होतें व कोठें अडतें, ह्याचा विचार ह्या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

हा विषय आमच्या वडपे गांवास दूरचा नाहीं. मुंबई-नाशिक महामार्ग गांवाजवळून जातो. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां गोदामें उभीं आहेत, आणि देशाच्या सर्व राज्यांतून मालमोटारी रात्रंदिवस येतात-जातात. इकडे भिवंडीचे माग, तिकडे मुंबई. श्वासावाटे पसरणारा रोग अशा ठिकाणीं फार दिवस वाट पाहत नाहीं. लावणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत घरचीं दोन माणसें अंथरुणास खिळलीं तर पीक शेतांत राहतें. आणि घरांतील वडील माणूस गेलें तर ती हानि कोणत्याहि हिशेबानें भरून येत नाहीं.

शरीराचें दफ्तर

आम्हीं नोकरीचीं वर्षें महसुलाच्या दफ्तरांत काढलीं, म्हणून दाखला तेथलाच देतों. नवा विषाणु प्रथम शरीरांत शिरतो तेव्हां त्याची नोंद कोठेंच नसते. रक्तांतील पांढऱ्या पेशी त्याच्या अंगावरील खुणा तपासतात व त्या खुणांस नेमकीं चिकटणारीं द्रव्यें तयार करतात. ह्या द्रव्यांस प्रतिपिंडें म्हणतात. ह्या कामास आठवडा दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्या अवकाशांत रोग आपला डाव साधून घेतो. माणूस बरा झाला म्हणजे लढणाऱ्या बहुतेक पेशी मरून जातात. पण थोड्या मागें राहतात. त्या स्मरणपेशी होत. कांहीं पेशी हाडांच्या मगजांत बसून प्रतिपिंडें थोडथोडीं पुरवीत राहतात. कांहीं स्वस्थ असतात, पण तोच शत्रु पुन्हां दिसतांच थोड्या दिवसांत असंख्य वाढतात. आणखी एक जात अशी आहे कीं, ती विषाणु शिरलेल्या आपल्याच पेशी हुडकून नष्ट करते. रोगाचें दुखणें न सोसतां ही सर्व नोंद करून घेण्याची युक्ति म्हणजे लस.

ही नोंद किती काळ टिकते? १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ आपल्याकडे "मानमोडी" ह्या नांवानें जुन्या लोकांच्या तोंडीं राहिली. जून महिन्यांत ती मुंबईंत दिसली. सप्टेंबर-ऑक्टोबरांत तिचा दुसरा, जबर फेरा आला. एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें दगावलीं, आणि त्यांत विशीपासून चाळिशीपर्यंतचीं कर्तीं माणसें फार होतीं. त्या साथींतून वांचलेल्या व वयाचीं ९० वर्षें ओलांडलेल्या ३२ अमेरिकन वृद्धांचें रक्त पुढें तपासण्यांत आलें. त्याचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या सर्वांच्या रक्तांत जुन्या विषाणूस ओळखणारीं प्रतिपिंडें सांपडलीं. सारांश, शरीराच्या दफ्तरांतील कागद नव्वद वर्षेंहि टिकूं शकतो.

परंतु दफ्तर शाबूत असणें निराळें आणि दारावर पहारा असणें निराळें. श्वासाचा विषाणु नाकाघशांतून शिरतो. तेथील प्रतिपिंडें कांहीं महिन्यांत ओसरतात. म्हणून तोच रोग पुन्हां जडतो, नाक वाहतें, ताप येतो. मग आंतलें दफ्तर जागें होतें, आणि विषाणु फुप्फुसांत खोल उतरण्यापूर्वीं त्यास गांठतें. दुसऱ्या बोलण्याचें उत्तर ह्यांत आहे. श्वासाच्या रोगांवरील लस पुष्कळदां ताप टाळीत नाहीं. ती मुख्यत्वें न्यूमोनिया व मृत्यु टाळते. तीन दिवसांच्या तापावरून तिची किंमत करणें म्हणजे कुंपणाची एक काठी मोडली म्हणून सबंध पीक गेलें असें मानणें होय.

जुन्या नोंदीचा लाभ

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंचीं घराणीं आहेत. १९१८ पासून १९५७ पर्यंत माणसांत एच१ हें घराणें नांदलें. १९५७ ते १९६८ एच२. १९६८ पासून एच३. आणि १९७७ सालीं एच१ पुन्हां परतलें. २००९ सालीं डुकरांतील विषाणूंच्या मिश्रणांतून एच१ घराण्याचाच एक नवा वाण निघाला. त्यास लोक स्वाईन फ्लू म्हणूं लागले. आपल्या देशांतील त्याचा पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्यें पुण्यास गेला. त्या साथींत एक नवल दिसलें. इन्फ्लुएन्झा एरव्हीं म्हाताऱ्यांस अधिक धरतो. ह्या वेळीं त्यानें म्हाताऱ्यांस तुलनेनें कमी धरलें. अमेरिकेंत तपासलेल्या साठीपुढील लोकांपैकीं सुमारें तृतीयांश लोकांच्या रक्तांत ह्या नव्या विषाणूस ओळखणारीं प्रतिपिंडें आधींच होतीं. लहान मुलांत तीं नव्हतीं. वृद्धांनीं बाळपणीं १९१८ च्या विषाणूचे वंशज पाहिले होते, आणि नव्या वाणाचा चेहरा त्यांच्याशीं मिळत होता.

त्या विषाणूवरची लस निघाली तेव्हां हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें सिद्ध झाली. प्रौढांस एक डोस पुरला. लहान मुलांस दोन लागले. लस एकच, पण प्रौढांच्या दफ्तरांत घराण्याची जुनी नोंद होती, तेव्हां एका फेरफारानें काम झालें. मुलांचें पान कोरें होतें, तेथें प्रथम नवें खातें उघडावें लागलें व मग तें पक्कें करावें लागलें. आजहि सहा महिन्यांपासून आठ वर्षांपर्यंतच्या मुलास इन्फ्लुएन्झाची लस आयुष्यांत प्रथम देतांना महिन्याच्या अंतरानें दोन डोस देतात, तें ह्याच कारणानें.

करोनाच्या साथींतहि हाच अनुभव आला. आपल्या देशांत लस देण्यास १६ जानेवारी २०२१ रोजीं आरंभ झाला. त्याच वर्षींच्या जून-जुलईंत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें केलेल्या चौथ्या देशव्यापी पाहणींत ६७.६ टक्के लोकांच्या रक्तांत प्रतिपिंडें आढळलीं. त्यांपैकीं पुष्कळांस लस मिळालेली नव्हती, रोगच होऊन गेला होता. म्हणजे लस कोऱ्या पानावर पडत नव्हती, लिहिलेल्या पानावर पडत होती. अनेक देशांतील तपासण्यांत असें दिसलें कीं, ज्यास रोग होऊन गेला आहे त्याच्या शरीरांत एका डोसानें जितकीं प्रतिपिंडें उठतात, तितकीं कोऱ्या माणसांत दोन डोसांनींहि क्वचितच उठतात. ज्यांस रोग व लस हीं दोन्ही लाभलीं, त्यांचें संरक्षण केवळ रोगानें मिळालेल्या संरक्षणापेक्षां अधिक विस्तृत व अधिक टिकाऊ ठरलें. पहिल्या बोलण्यांतील अर्धें सत्य तें हें. रोग होऊन गेला ही गोष्ट लस निरुपयोगी करीत नाहीं. उलट लशीस ती तयार जमीन देते. मात्र ही जमीन मिळविण्याकरितां कोणीं मुद्दाम रोग ओढवून घेऊं नये. त्या पेरणीचें बीं फार महाग पडतें.

ह्यांत अंतराचेंहि महत्त्व आहे. रोगांतून उठल्याबरोबर रक्तांत प्रतिपिंडें भरपूर असतात; तेव्हां दिलेली लस तीं चटकन् पुसून टाकतात, आणि स्मरणपेशींस नवें शिकण्यास अवसर राहत नाहीं. मे २०२१ मध्यें केंद्र सरकारनें बरें झाल्यावर तीन महिने थांबून लस घेण्यास सांगितलें. त्याच महिन्यांत कोविशील्डच्या दोन डोसांतील अंतर १२ ते १६ आठवडे झालें. त्या वेळीं लशीचा तुटवडाहि होता, ही गोष्ट खरी. परंतु अंतर वाढविल्यानें प्रतिपिंडें अधिक उठतात हें चांचण्यांत दिसलें होतें, हीहि गोष्ट तितकीच खरी. पाण्याच्या दोन पाळ्या लागोपाठ दिल्यानें पीक दुप्पट येत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगणें नलगे.

जुन्या नोंदीची पहिली अडचण

आतां दुसरी बाजू पाहूं. ओढ्यानें पात्र बदललें, बांध सरकला, आणि शेताची हद्द फिरली. खातेदार कचेरींत येऊन नकल मागतो. कारकून जुनाच उतारा काढून देतो, कारण तो हाताशीं असतो व नवी मोजणी करण्यास वेळ लागतो. शरीरहि असेंच करतें. जुन्या विषाणूसारखा, पण थोडा बदललेला विषाणु आला कीं जुन्या स्मरणपेशी आधीं जाग्या होतात व जुन्या खुणांवरचीं प्रतिपिंडें घाऊक काढूं लागतात. नव्या खुणा शिकणाऱ्या पेशी मागें पडतात. मिशिगन विद्यापीठाचे टॉमस फ्रान्सिस ह्यांस इन्फ्लुएन्झाविषयीं ही गोष्ट आढळली कीं, माणसानें बाळपणीं जो वाण प्रथम पाहिला त्यावरचीं प्रतिपिंडें त्याच्या रक्तांत जन्मभर वरचढ राहतात. १९६० सालीं त्यांनीं ह्या गोष्टीस "मूळ पाप" अशा अर्थाचें नांव दिलें. आजचे शास्त्रज्ञ तिला "पहिला ठसा" असें सौम्य नांव देतात, आणि तें अधिक योग्य आहे; कारण ठसा तारतोहि आणि चुकवितोहि. १९१८ मध्यें तरुणच अधिक कां मेले, ह्याचें एक अनुमान असें आहे कीं, त्यांच्या बाळपणींचा, म्हणजे १८८९-९० च्या साथीच्या सुमाराचा, इन्फ्लुएन्झा निराळ्या घराण्याचा होता व त्यांचें दफ्तर ऐन वेळीं चुकीचा उतारा देत राहिलें. हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. तरी विचारार्ह आहे.

करोनांत ही अडचण डोळ्यांदेखत घडली. २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन नांवाचा वाण निघाला. त्याच्या अंगावरील खुणा इतक्या बदलल्या होत्या कीं जुनीं प्रतिपिंडें त्यास नीट धरीनात. २०२२ मध्यें परदेशांत मूळ वाण व ओमिक्रॉन ह्या दोहोंचें मिश्रण असलेली लस देण्यांत आली. तिनें प्रतिपिंडें वाढलीं, पण तीं बहुतांशीं मूळ वाणावरचींच होतीं. तेव्हां मे २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांनीं पुढील लशींतून मूळ वाण वगळावा अशी शिफारस केली. म्हणजे कारकुनासमोरून जुना उतारा उचलून घेतला, आणि नवी मोजणी त्यास भाग पाडली. येथें कोणीं असा अर्थ काढूं नये कीं जुन्या ठशामुळें लस वायां गेली. जुना उतारा सर्वस्वी खोटा नसतो. बहुतेक गट नंबर तेच असतात. म्हणूनच ओमिक्रॉनचा ताप पुष्कळांस आला तरी लस घेतलेल्यांत मृत्यु कमी झाले.

जुन्या नोंदीची दुसरी अडचण

कधीं कधीं जुनी प्रतिकारशक्ति लशीस शरीरांत उतरूंच देत नाहीं. ही अडचण जिवंत विषाणूच्या लशींत विशेष येते. कारण अशी लस आंत थोडी वाढली तरच तिची नोंद होते. नाकांत उडविण्याची इन्फ्लुएन्झाची जिवंत लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें २०१० सालीं बाजारांत आणली. अशा लशी लहान मुलांत चांगल्या लागू पडतात. प्रौढांच्या नाकांत मात्र जुना पहारा बसलेला असतो, तो त्यांस दारांतूनच परतवितो.

कोविशील्डची रचनाहि ह्याच विचारानें झाली होती. तींत करोनाच्या खुणेचा मजकूर दुसऱ्या एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर घालून शरीरांत पाठविला जातो. हा वाहक विषाणु माणसांतला घेतला असता तर पुष्कळांनीं सर्दींत तो पूर्वींच पाहिलेला असता, व टपाल पोंचण्यापूर्वींच टपालवाला अडविला गेला असता. म्हणून चिंपांझींतला वाहक निवडण्यांत आला. रशियाच्या स्पुटनिक लशींत दोन डोसांस दोन निराळे वाहक ठेवले, तेंहि ह्याच हेतूनें.

गोंवराची लस नवव्या महिन्यापूर्वीं सहसा देत नाहींत, ह्याचें मुख्य कारण हेंच. आईचीं प्रतिपिंडें जन्मापूर्वींच बाळाच्या रक्तांत आलेलीं असतात. तीं बाळाचें रक्षण करतात, पण लस लवकर दिल्यास तीच लशीस मारतात. नवव्या महिन्यांतहि कांहीं बाळांत तीं उरलेलीं असतात. म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस ठेविलेला आहे. दुसरा डोस म्हणजे सरकारी सोपस्कार नव्हे.

गोठा आणि खुराडें

हा नियम माणसांपुरता नाहीं. कोंबड्यांच्या राणीखेत रोगासहि आपल्याकडे मानमोडीच म्हणतात. १९१८ च्या मानमोडीहून त्याचा विषाणु अगदीं निराळा आहे, परंतु तोहि श्वासावाटे पसरतो. लस टोंचलेल्या कोंबडीच्या अंड्यांतून, बलकावाटे, पिलांस आईचीं प्रतिपिंडें मिळतात व तीं दोन तीन आठवडे राहतात. पांचव्या ते सातव्या दिवशीं डोळ्यांत किंवा नाकांत लासोटा लशीचा थेंब देतात. डोळ्या-नाकाशीं रक्तांतील प्रतिपिंडांचा जोर कमी असतो, म्हणून ती वाट निवडलेली आहे. तरीहि पहिली लस कांहीं अंशीं खाल्ली जातेच. याकरितां महिन्याच्या आंत-बाहेर ती पुन्हां द्यावी लागते. पुढें सुमारें आठव्या आठवड्यास आर२बी ही जोरकस लस टोंचतात. ज्या पिलांस आधीं सौम्य लस मिळाली नाहीं, त्यांस ही एकदम दिल्यास कांहीं आजारी पडतात. "एक थेंब दिला, झालें" असें म्हणून थांबणारा शेतकरी पुढील साथींत खुराडें रिकामें करून बसतो.

वासरांस व करडांस प्रतिपिंडें चिकांतून मिळतात. चीक वेळेवर पाजलाच पाहिजे. पण त्यामुळेंच लाळ-खुरकुताची पहिली लस साधारण चौथ्या महिन्यांत व शेळ्यांच्या पी. पी. आर. रोगाची लस तीन-चार महिन्यांचें वय झाल्यावर देतात. जुन्या काळीं बुळकांडीची लस शेळ्यांस देऊन पी. पी. आर. रोखीत असत, कारण दोन्ही विषाणु एका घराण्याचे. २०२२ मध्यें लम्पी रोगाच्या साथींत महाराष्ट्रांतील गाईबैलांस शेळ्यांच्या देवीची लस दिली, तेंहि ह्याच न्यायानें. भावाची ओळख पटवून चोरास पकडणें, असा हा प्रकार आहे.

कोंबड्या पाळणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास आला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यांत वेहळोळीस दिसला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून असें दिसतें कीं, ह्या एच५ जातीच्या फ्लूपासून १९६८ पूर्वीं जन्मलेल्यांस बाळपणींच्या ठशामुळें कांहीं संरक्षण आहे. त्यानंतर जन्मलेल्यांस तें तितकें नाहीं. म्हणून मेलेल्या कोंबड्या उचलण्यास घरच्या तरुण पोरास धाडणें विशेष धोक्याचें आहे. वृद्धांसहि हें अभयपत्र नव्हे. कोणींहि हातमोज्यांवांचून व तोंड बांधल्यावांचून मेलेल्या पक्ष्यांस हात लावूं नये, व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ वर्दी द्यावी.

चुकीच्या नोंदीचा धोका

नोंद नसण्यापेक्षां चुकीची नोंद वाईट, हें आम्ही कचेरींत नेहमीं म्हणत असूं. १९६६ च्या सुमारास अमेरिकेंत तान्ह्या मुलांच्या श्वासमार्गाच्या आर. एस. व्ही. ह्या विषाणूवर औषधानें मारलेली लस करून पाहिली. विषाणु मारतांना त्याचा आकार बिघडला. शरीरानें बिघडलेल्या आकाराची नोंद घेतली. पुढें खरा रोग आला तेव्हां लस घेतलेलीं मुलें लस न घेतलेल्यांपेक्षां अधिक आजारी पडलीं, आणि दोन बालकें दगावलीं. ज्यांनीं पूर्वीं खरा विषाणु पाहिला होता, त्यांस ही इजा झाली नाहीं. योग्य आकार कळून सुरक्षित लस निघण्यास २०२३ साल उजाडलें. लशींच्या चांचण्यांस वेळ लागतो म्हणून जे चिडतात, त्यांनीं हीं साठ वर्षें आठवावीं.

शेतकऱ्यांनीं काय करावें

१. रोग होऊन गेला आहे म्हणून लस नाकारूं नये. रोग केव्हां झाला तो महिना डॉक्टरांस सांगावा आणि ते सांगतील तितकें अंतर ठेवावें.

२. साठीपुढील माणसें, मधुमेही, दमेकरी व गर्भिणी ह्यांनीं इन्फ्लुएन्झाची लस वैद्यकीय सल्ल्यानें दरसाल घ्यावी. विषाणु आपला चेहरा दरसाल बदलतो, म्हणून लसहि बदलते. आपल्याकडे ह्या रोगाचा जोर पावसाळ्यांत असतो. यास्तव पेरणीपूर्वींच हें काम उरकावें.

३. मुलांचा दुसरा डोस कधींहि चुकवूं नये. अर्धा डाव सोडल्यास पहिलाहि पुष्कळ अंशीं व्यर्थ जातो.

४. लशीनंतर साधा ताप आला तर लस फसली असें समजूं नये. पण दम लागूं लागल्यास घरीं न थांबतां डॉक्टर गांठावा.

५. माणसांचीं लशींचीं कार्डें आणि जनावरांच्या लशींच्या तारखा सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर एकाच पेटींत ठेवाव्या. कोणती नोंद पूर्वीं झाली आहे हें ठाऊक असल्यावांचून पुढील नोंद केव्हां करावी हें कोणासच सांगतां येत नाहीं.

शरीराचें दफ्तर सहसा जळत नाहीं व कोरेंहि होत नाहीं. त्यांत जें पूर्वीं लिहिलें गेलें तें बहुधा राहतें. त्या लिहिण्याशीं जुळवून पुढील पान योग्य वेळीं व योग्य हातानें लिहवून घेणें, एवढेंच आपल्या हातीं आहे. आणि तेवढें केलें तर घरचीं माणसें व गोठ्यांतील जनावरें पुष्कळ अंशीं वांचतात.